चार तासांचं आवर्तन

भेटायला आलेला माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो, मग खुर्चीच्या चाकांकडे, आणि मग घसा खाकरून विचारतो, "काय गुरुजी, पायात काही फरक?" बारा वर्षं झाली, प्रश्न तोच आहे. सुरुवातीला मी खरं सांगायचो. मग पाहुण्याचं तोंड एवढं उतरायचं की मलाच त्याची समजूत काढावी लागायची. आता मी "हाय, थोडा थोडा" म्हणतो. त्याला बरं वाटतं, चहा गोड लागतो. पायांचं म्हणाल तर ते जिथं होते तिथंच आहेत.

पण आजवर एकाही पाहुण्यानं विचारलं नाही की, गुरुजी, लघवीचं काय करता? विचारलं असतं तर मी तासभर बोललो असतो, कारण माझ्या दिवसाचं सगळं गणित तिथंच मांडलेलं आहे. पायांचं काम चाकांनी भागवता येतं. मूत्राशयाला चाकं लावता येत नाहीत. आता हा विषय आपल्याकडे देवासमोर काढायचा नसतो, ताटावर काढायचा नसतो, बायकांदेखत नाही, पोरांदेखत नाही आणि एकंदरीत माणसांदेखतच नाही. म्हणून लिहायला घेतला.

घडलं ते असं. २०१३ चा उन्हाळा. तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला टँकर यायचा आणि त्याचं पाणी विहिरीत सोडायचे. टँकरचा पाइप आत पडला की काठावर सगळं गाव. दोऱ्या, पोहरे, घागरी आणि भांडणं. मी झेडपीच्या शाळेतला मास्तर. दोन घागरींवरून दोघांत जुंपली होती, मी सोडवायला गेलो आणि सोडवता सोडवता आत गेलो. विहिरीत भरपूर पाणी असतं तर बुडालो असतो. दीडच फूट होतं, त्यामुळे वाचलो. खाली खडक होता, त्यामुळे पाठीचा दहावा मणका मोडला. डॉक्टर त्याला डी-१० म्हणतात. बाजेला बांधून मला वर काढलं. ते दोघं भांडणारे बाजेच्या दोन टोकांना होते, म्हणजे भांडण मिटलं. तेव्हापासून मी पाणी मोजतोय. आधी गावाचं मोजायचो, आता स्वतःचं.

सोलापूरला दवाखान्यात जाग आली तेव्हा नळी घातलेली होती. फोलीची नळी. फ्रेडरिक फोली हा अमेरिकन सर्जन. त्याच्या नावानं ती ओळखली जाते. टोकाला एक इवलासा फुगा असतो. नळी आत गेली की फुग्यात साधारण दहा मिली पाणी भरतात, म्हणजे ती निसटत नाही. दुसरं टोक खाटेला लटकणाऱ्या पिशवीत. आई रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी त्या पिशवीकडे बघायची. फिक्कट असलं की म्हणायची, "आज बरा हाईस." गडद असलं की तांब्या पुढं करायची. माझ्या आयुष्यात एवढं अचूक निदान दुसऱ्या कुणी केलेलं नाही, आणि फीही घेतली नाही.

निरोगी माणसाचं मूत्राशय म्हणजे एक लहानसं धरण. दोन मूत्रपिंडांकडून रात्रंदिवस येवा चालू असतो, दिवसाला साधारण दीड लिटर. दीड-दोनशे मिली साठलं की कण्यातल्या तारेवरून मेंदूला पहिला निरोप जातो. मेंदू म्हणतो, थांब जरा, पंगत उठू दे. चारशे-पाचशे झालं की निरोपाचा सूर बदलतो. मग जागा बघून मेंदू हुकूम देतो आणि एकाच वेळी दोन गोष्टी होतात: भिंत आवळते, दरवाजा उघडतो. तुम्ही रोज सहा-सात वेळा हे करता आणि तुमच्या लक्षातही येत नाही. येऊही नये. कारखाना चांगला चालला आहे याची खूण तीच.

माझी तार मध्येच तुटली. पहिले काही आठवडे खालचं सगळं खातं झोपून होतं. मग ते जागं झालं, पण वरून हुकूम नाही. कण्याच्या शेपटाकडे जे छोटं तालुका कार्यालय आहे ते स्वतःच्या डोक्यानं कारभार बघायला लागलं. भिंत आवळायची, आणि त्याच क्षणी दरवाजाही आवळायचा. शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल असं सांगतो: मोटार चालू आणि कॉक बंद. पाइप कुठंतरी फुगणार, नाहीतर पाणी मागं फिरणार.

आमच्याकडे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला धरणाचे शब्द पाठ असतात. जूनमध्ये पहिल्या पानावर मांजरा आणि निम्न तेरणाचे आकडे येतात आणि म्हातारी माणसं रामरक्षा म्हणावी तसे ते म्हणतात. मूत्राशयाची डॉक्टरी मला डॉक्टरांनी नव्हे, या पेपरांनी शिकवली. धरण भरून पाणी मागं चढतं तो फुगवटा; माझ्या बाबतीत तो थेट मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि वरची गावं बुडतात. भरून नको तिथं वाहतं तो सांडवा. त्यानं अंथरूण आणि अब्रू दोन्ही भिजतात. आणि दरवाजे उघडूनही जे बाहेर येत नाही तो मृतसाठा. धरणातला मृतसाठा निदान दुष्काळात उपसून पितात. माझा मृतसाठा नुसता कुजतो. त्यात जंतू वाढतात, खडे धरतात, ताप भरतो. मूत्रशल्यतज्ज्ञानं पहिल्यांदा सोनोग्राफीचा कागद दाखवून "लघवी झाल्यावरही आत एवढी शिल्लक राहते" असं सांगितलं तेव्हा मी एकदम म्हणालो, "म्हणजे मृतसाठा!" तो मुंबईकडचा होता. माझ्या मेंदूलाही मार लागलाय की काय, अशा नजरेनं त्यानं बघितलं.

त्यानं पोटावर बोटं ठेवून, वर टकटक करून भरलंय की रिकामं ते पाहिलं. मला तेर आठवलं. तिथल्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते ठरवल्याची गोष्ट आमच्याकडे पोरंसोरं सांगतात. माझं मडकं कच्चं निघालं, एवढाच फरक.

नळदुर्गच्या किल्ल्यात मी दर पावसाळ्यात शाळेची सहल न्यायचो. बोरी नदीला तिथं आडवा बंधारा घातलाय आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळचा. नदी भरली की वरून दोन धारा कोसळतात, लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. डोक्यावरून एवढा लोंढा जातो आणि आत महालात बसलेल्याच्या अंगावर थेंब पडत नाही. मी पोरांना फळ्यावर बंधाऱ्याची आकृती काढून दाखवायचो, भिंत किती जाड, पाणी कुठून वाट काढतं वगैरे. पोरांना भज्यांत रस. आता खुर्चीवर बसून मला तोच महाल आठवतो. डोक्यावरून पाणी जाऊ दे, आत बसलेला कोरडा राहिला पाहिजे. माझंही तेवढंच मागणं होतं.

माझ्या आधी आमच्या घरात एक माणूस या वाटेनं गेला होता. माझा मामा, लोहारा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक झोपले होते. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे हातहात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात थंडगार, माळवदावर झोपायला जागा, कुरडया वाळवायला जागा. त्या पहाटे किल्लारीच्या धक्क्यानं तीच माळवदं खाली आली. मामाला दुपारी जिवंत काढलं. सगळ्यांनी देवीचे आभार मानले. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं, पण त्या दिवसांत जिवंत असणं हीच एवढी मोठी बातमी होती की बाकीचं कुणी विचारलं नाही. पुढं पुनर्वसनाच्या गावात घर मिळालं, पत्रा मिळाला, खाट मिळाली. नळी मात्र एकदा घातली ती महिनोन्‌महिने तशीच. कुणी बदलायला सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही. तिसऱ्या वर्षी किडन्या गेल्या आणि मामा गेला. लोक म्हणाले, भूकंपानं नेला, पण उशिरा. भूकंपानं नाही नेला. लघवीनं नेला. पण असं तिरडीपाशी कोण म्हणणार?

हे फक्त आमच्या लोहाऱ्यात होत होतं असं नाही. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावायचे. गोळीनं नाही, पाठीच्या जखमा चिघळून आणि लघवीतला संसर्ग वर चढून. डॉक्टर त्यांना मॉर्फिन द्यायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथं लुडविग गुटमान या डॉक्टरनं वॉर्ड उघडला. जर्मनीतून हिटलरच्या छळामुळे पळून आलेला ज्यू माणूस, शिस्तीचा कडक. दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचं, आणि मूत्राशय ठरल्या वेळी, पूर्ण, नीट रिकामं करायचं. मोठं औषध नाही, मोठं ऑपरेशन नाही. माणसं जगायला लागली. जगायला लागल्यावर त्यांना कंटाळा आला. मग त्यानं त्यांच्यासाठी खेळ सुरू केले, २९ जुलै १९४८ ला पहिली धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. आज ज्याला आपण पॅरालिंपिक म्हणतो त्याचं मूळ तिथं. टीव्हीवर पदकं बघताना मला नेहमी हसू येतं. एवढ्या मोठ्या सोहळ्याचा पाया कुठं आहे, तर वेळच्या वेळी लघवी काढण्यात.

बहात्तर साल म्हटलं की आमच्याकडे फक्त दुष्काळ आठवतो. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायला गेलेल्या आया, पाझर तलावांची कामं. त्याच १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या स्पर्धेत आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. १९६५ च्या युद्धात त्यांनी गोळ्या खाल्ल्या होत्या. आणि त्याच साली अमेरिकेत मिशिगनच्या जॅक लॅपिडेस या डॉक्टरनं एक साधी गोष्ट छापून मांडली: लघवी काढायची नळी निर्जंतुकच हवी असा हट्ट नको, ती स्वच्छ असली तरी चालते, आणि ती रुग्णानं स्वतःच्या हातानं दिवसातून ठरावीक वेळा घालून काढून टाकावी. मूत्राशय तुंबू दिलं नाही तर थोडेफार जंतू त्याचं फारसं वाकडं करत नाहीत. बाकीचे डॉक्टर चिडले. निर्जंतुक हातमोजे, निर्जंतुक कापड, निर्जंतुक परिचारिका, हे सगळं सोडून रुग्णाच्या हातात नळी? पण ते खरं निघालं. मोठ्या पदव्यांना जमलं नाही ते साबण आणि घड्याळानं केलं. आम्ही इकडं खडी फोडत होतो, आम्हाला काय पत्ता.

मला पत्ता लागायला आणखी त्रेचाळीस वर्षं लागली. पहिली दोन वर्षं मी पिशवी घेऊन काढली. ज्या दवाखान्यानं घरी सोडलं त्यानं कागदावर "पंधरा दिवसांनी दाखवणे" एवढंच लिहिलं होतं. नाव घेत नाही, आता तिथले डॉक्टरही बदलले. पिशवीला सवय होते हेच वाईट. ती खुर्चीला लटकते, लोक नजर चुकवतात, कुत्रं मात्र चुकवत नाही. दोन वर्षांत नळी तीनदा चोंदली, एक खडा झाला, तो सुपारीएवढा होता, अजून डबीत ठेवलाय. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी विचारलं, "सर, हात चांगले आहेत ना तुमचे? मग ही पिशवी कशाला?"

शिकायला चार दिवस लागले, लाज जायला चार महिने. आता कसं चालतं ते सांगतो. साबणानं हात धुवायचे, बोटांच्या फटींतून, नखांपर्यंत. खुर्ची भिंतीला लावून ब्रेक मारायचे. मांडीवर टॉवेल. नळी चौदा नंबरची, तिचं मागचं टोक हिरवं. बाराचं पांढरं, सोळाचं केशरी, हे रंग आता मला ट्रॅफिक सिग्नलसारखे पाठ आहेत. टोकाला जेली. मग सावकाश, घाई न करता आत. मध्ये एका जागी ती अडते, तिथं दम धरायचा, खोकायचं किंवा लांब श्वास सोडायचा, दरवाजा आपोआप सैल पडतो. जोर केला तर रक्त येतं. मग एक क्षण काहीच होत नाही, आणि मग मापाच्या प्लॅस्टिकच्या भांड्यात धार लागते. तो आवाज! कुणी म्हणेल सतार, कुणी म्हणेल कोकिळा. मला विचाराल तर रात्री झोपायच्या आधी मापात पडणारी ती धार. शेवटी पोटावर हलका हात दाबून उरलेलं काढायचं, नळी चिमटीत धरून बाहेर. ३८० मिली. मृतसाठा शून्य. सगळं मिळून आठ मिनिटं.

हे दर चार तासांनी. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा, रात्री झोपताना. आमच्या घरात याला "आवर्तन" म्हणतात. कालव्याला पाणी सोडतात त्याला आवर्तन म्हणतात तेच. ही, म्हणजे आमची मंडळी, शेतकरी घरातली. तिच्या माहेरी पाटाचं पाणी होतं, त्यामुळे पाळी म्हणजे काय हे तिला नीट माहीत. सुरुवातीला तिनंच स्वतःला पाटकरी नेमलं. दार उघडून आत डोकवायची: "अहो, दोन वाजले. पाणी सोडा." शेजारच्या सूनबाईला वर्षभर वाटत होतं की आम्हाला बोअरला भरपूर पाणी लागलंय. उन्हाळ्यात तिनं दोन घागरी मागितल्या तेव्हा खुलासा करावा लागला.

एक वही आहे. वेळ, किती प्यायलो, किती काढलं, रंग. झेडपीत तीस वर्षं हजेरी भरल्यानं रकाने मला प्रिय आहेत. कधी सहाशे निघालं की लाल पेनानं रेघ मारतो, म्हणजे धरण जास्त भरू दिलं. ताईंनी सांगून ठेवलं होतं: चारशेच्या आसपास ठेवा, पाचशेच्या वर जाऊ देऊ नका. या वहीमुळे मला एक शोध लागला, की माझा खरा शत्रू मणका नाही, चहा आहे.

तुम्ही आमच्या भागात कुणाच्या घरी जा. "काय करलालाव? बसा, बसा" म्हणत पाणी पुढं येतं. ते प्यायचं. मग चहा येतो. नको म्हणणं म्हणजे घराण्याचं वैर. पाच घरी गेलं की पाच कप, पाच तांबे. चहा तर प्यायल्याहून जास्त बाहेर काढतो, अशी माझी वही सांगते. बरं, नाही म्हणायचं कारण काय सांगणार? "साखर हाय का?" नाही. "उपास?" नाही. मग? मग मी पुष्कळ वर्षं खोटी साखर सांगितली. एकदा एका लग्नात दोन पुरणपोळ्या आणि वर वाटीभर आमटी खाताना पकडलो गेलो. आता सरळ सांगतो, "अर्धा द्या. माझं आवर्तन सहाला आहे." लोकांना वाटतं गुरुजींनी शेत घेतलं.

या धरणाचा दुसरा विनोद औषधाचा. भिंत अवेळी आवळू नये म्हणून ऑक्सिब्युटिनिन नावाची गोळी देतात. काम चांगलं करते, पण तोंड असं कोरडं पाडते की जीभ टाळ्याला चिकटते. धाराशिवच्या मे महिन्यात! म्हणजे एक डॉक्टर सांगतो पाणी मोजून प्या, त्याचीच गोळी सांगते घागर तोंडाला लाव. मी तोंडात लवंग धरतो. वर बद्धकोष्ठ, पण तो वेगळा निबंध होईल, आणि संपादक एका अंकात एवढं सोसणार नाहीत.

जंतूंची गंमत तर विचारू नका. पहिल्या वर्षी दर महिन्याला लघवी तपासायची, जंतू निघायचे, मेडिकलवाला आदल्यापेक्षा महाग अँटिबायोटिक द्यायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा जंतू. आमच्या घरापेक्षा मेडिकलचं दुकान जास्त वाढलं. नळीवाल्याच्या लघवीत जंतू असतातच. ताप, थंडी, अचानक गळती, पायांचे वाढलेले झटके, उग्र वास असं काही नसेल तर नुसत्या रिपोर्टवर औषध घ्यायचं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन, हे मात्र दसऱ्यासारखं पाळायचं.

माझा एक मित्र आहे, उमरग्याकडचा. त्याचा मार मानेत आहे, हातही अर्धेच चालतात, म्हणून त्याला पिशवीच. एका कार्यक्रमात आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. एकाएकी त्याचं तोंड लाल झालं, कपाळावर घामाच्या धारा, डोकं असं ठणकायला लागलं की तो कळवळला. लोक धावले. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं नजर. एक मावशी मीठमोहऱ्या घेऊन आल्याच. त्याची बायको पुढं आली, त्याला ताठ बसवलं, शर्टाची बटणं काढली आणि मांडीखाली चाचपलं. पिशवीची नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केली, सळसळत पाणी उतरलं, पाच मिनिटांत माणूस हसायला लागला. पाठीच्या सहाव्या मणक्याच्या वर मार असला की असं होतं: मूत्राशय तुंबलं की खालून बोंब उठते, ती वर धड पोचत नाही आणि रक्तदाब भडकतो. वेळेत नळी नाही बघितली तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मावशींना वाटलं मीठमोहऱ्यांनी उतरलं. आम्ही वाद घातला नाही. पण अशा माणसाच्या घरात कुणी असेल तर एवढं लक्षात ठेवा, आधी नळी बघायची, नजर मग काढा.

२००४ साली अमेरिकेत किम अँडरसन नावाच्या बाईंनी कणा मोडलेल्या ६८१ जणांना विचारलं होतं, तुमचं आयुष्य सुधारायला आधी काय परत हवं? ज्यांचे हातही गेलेले त्यांनी हात मागितले. फक्त पाय गेलेल्यांनी कामजीवन मागितलं. आणि लघवी-संडासावरचा ताबा दोघांच्याही यादीत वरच होता. चालणं त्यांच्या मागं. हे मी एकदा आमच्या कट्ट्यावर वाचून दाखवलं. सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, "गुरुजी, मग आम्ही इतकी वर्षं चुकीचंच विचारलालाव की." त्या दिवसापासून तो मला बघितलं की हळूच विचारतो, "पाणी व्यवस्थित?" माझ्या आयुष्यातला पहिला नीट प्रश्न.

चार तासांच्या घड्याळानं मला काय दिलं? पिशवी होती तेव्हा मी घरात बसून होतो. आवर्तन आल्यापासून मी तुळजापूरला जातो, मुलाच्या शाळेत जातो, एसटी स्टँडवर बसून पेपर वाचतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं "चाकाची खुर्ची" मी खाटेवर पडून वाचलं होतं, तेव्हा कोल्हापूर फार लांब वाटलं. मागच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन आलो. मध्ये दोन आवर्तनं पडली. एक सांगोल्याजवळ गाडीतच, काचेला टॉवेल लावून. जिल्ह्याचं नाव बदललं, माझ्या अपंगत्वाच्या कार्डावर अजून उस्मानाबाद आहे. पण माझी चौकशी करणाऱ्याला मी आता "घरीच असतो" असं सांगत नाही.

एकच अडचण उरलीय, आणि ती शरीरातली नाही. लातूरच्या साडूंनी नवा बंगला बांधला. वास्तुशांतीला गेलो. तीन मजले, चार संडास, इटालियन फरशी. दुपारी दोन वाजले. ही म्हणाली, "पाणी सोडायची वेळ झाली." साडू अभिमानानं संडास दाखवायला घेऊन गेले. दार दोन फुटी. माझी खुर्ची सव्वीस इंची. दुसरा बघितला, तोही दोन फुटी. चारही तसेच. साडूंचा चेहरा पडला. "वास्तुवाल्याला विचारून केलं हो सगळं," ते म्हणाले. वास्तुवाल्यानं संडासाची दिशा सांगितली होती, रुंदी नाही. शेवटी नव्या बेडरूममध्ये दार लावून घेतलं, हिनं चादर धरली आणि नव्या वास्तूत पहिलं आवर्तन मी सोडलं. बाहेर भटजी शांतिपाठ म्हणत होते.

म्हणून एक विनंती. घर काढलंत, शाळेची खोली काढलीत, मंगल कार्यालय काढलंत, तर मिस्त्रीला सांगून संडासाचं एक दार तीन फुटी ठेवा आणि उंबरठा काढून टाका. तो म्हणेल, एवढं मोठं कशाला? त्याला सांगा, धाराशिवहून पाव्हणे यायचेत.